गाडीतील स्टिरिओची शिट्टी फिल्टरने दाबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य नव्या गाड्या घरी येतात आणि ज्यांच्या प्राथमिक मॉडेलमध्ये स्टिरिओ नसतो किंवा असलेला मालकाला अपुरा वाटतो, त्या लगेच ॲक्सेसरीजच्या दुकानात जातात. वाहनविषयक पानांवर स्क्रीनचा आकार आणि वुफरचे वॉट यांविषयी भरपूर वाचायला मिळते. पण ही यंत्रणा ज्या तारांवर चालते त्या तारांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वाहनांच्या वायरिंगचे काम करणारा कारागीर या नात्याने त्याविषयी काही सांगणे मला आवश्यक वाटते.

नवा स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर बसवल्यावर सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे इंजिनाबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी. ऑल्टरनेटर मुळात प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो. आतील डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात, तरी तिच्यात थोडी लहर शिल्लक राहते. इंजिनाचा वेग वाढला की या लहरीची वारंवारता वाढते आणि म्हणूनच ॲक्सिलरेटर दाबताच शिट्टीचा सूर वर जातो. परंतु ही लहर प्रत्येक गाडीत असते आणि प्रत्येक गाडीत शिट्टी वाजत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. डॅशबोर्डमधील स्टिरिओचे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी केलेली ऋण जोडणी, एका ठिकाणी, डिकीतील ॲम्प्लिफायरचे दुसऱ्या ठिकाणी, आणि त्यांपैकी एक जोड रंगावरच स्क्रू मारून केलेला असला, की दोन्ही ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडतो. मग परतीच्या प्रवाहाचा काही भाग स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरकडे गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाही संगीत समजून मोठे करतो.

अशा वेळी अनेक ठिकाणी आरसीए केबलमध्ये एक छोटा फिल्टर जोडून गाडी परत दिली जाते. या फिल्टरमध्ये लहान ट्रान्सफॉर्मर असतात. ते हलक्या दर्जाचे असल्यास खर्जाचा आवाज दुबळा होतो, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की सदोष जोड जागच्या जागी राहतो. ही पद्धत मला सर्वस्वी अमान्य आहे.

दोष शोधणे फार अवघड नाही. इंजिन सुरू ठेवून आवाज शून्यावर आणावा. शिट्टी तितकीच राहिली तर ती स्टिरिओच्या आवाज-नियंत्रणानंतर कोठेतरी शिरत आहे. त्यानंतर यंत्रणा बंद करून ॲम्प्लिफायरकडील आरसीए पिना काढाव्यात आणि ती पुन्हा सुरू करावी. शिट्टी थांबल्यास ॲम्प्लिफायर बहुधा निर्दोष आहे, आणि दुसरी आरसीए केबल तात्पुरती सीटवरून नेऊन पाहावी. तेवढ्याने शिट्टी गेली तर जुनी केबल खराब आहे किंवा ती बॅटरीच्या जाड तारेला लगटून नेलेली आहे. या दोन तारा गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्याव्यात. अर्थिंगची परीक्षा मल्टीमीटरने होते. गाणे मोठ्याने चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि ॲम्प्लिफायरचे अर्थ टोक यांमधील व्होल्टेज मोजावे. ते ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर चिंता नाही. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड उघडून रंग खरवडावा, स्वच्छ पत्र्यावर थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) घट्ट बसवावे आणि गंज चढू नये म्हणून वरून रंग लावावा. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र अर्थिंग कधीही जोडू नये, कारण तो बोल्ट माणसाच्या जिवासाठी आहे.

फोन चार्जिंगला लावून त्याच फोनवरून ऑक्स केबलने गाणी ऐकताना येणारी घरघरही बहुतेक वेळा अर्थिंगच्या अशाच फेऱ्यामुळे येते. चार्जर काढताच ती थांबली, तर स्टिरिओ उघडण्याचे कारण नाही.

खरी काळजी आवाजाची नाही, तर तोच निष्काळजीपणा बॅटरीच्या तारेतही झालेला असण्याची आहे. मोठ्या वुफरचा ॲम्प्लिफायर ३० ते ४० अँपिअर प्रवाह सहज ओढतो. त्यासाठी बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्तात मिळते, परंतु ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असल्याने त्याच जाडीची तार अधिक तापते. टोक खरवडल्यावर आतून पांढरी दिसणारी तार तांब्याची म्हणून विकणे ही सरळसरळ फसवणूक आहे. बॅटरीची तार बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची कडा झाकणारे कडे) नसेल, तर हादऱ्यांनी तिचे आवरण कापले जाते, आणि शॉर्ट झाल्यास बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज तेव्हा निरुपयोगी असतो, कारण शॉर्ट बॅटरी आणि त्या फ्यूजच्या मध्येच झालेला असतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा आणि तो तारेच्या क्षमतेनुसार निवडलेला हवा.

मूळ वायरिंग कापून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळण्याची प्रथाही थांबली पाहिजे. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि जोड उघडे पडतात. बहुतेक गाड्यांसाठी मूळ वायरिंगच्या प्लगमध्ये थेट बसणारे तयार कप्लर मिळतात, आणि ते वापरल्यास कंपनीची एकही तार कापावी लागत नाही.

पुण्याची नाना पेठ असो वा मुंबईतील सीएसटी रोड, हे काम नीट करणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांच्या मेहनतीचा वेगळा मोबदला द्यायला ग्राहकाने तयार व्हावे, आणि दुकानदारानेही तारेचा धातू व जाडी, फ्यूजचे अँपिअर आणि अर्थिंगची जागा बिलावर लिहून द्यावी. आपल्या दैनिकाने सणाच्या खरेदी पुरवणीत या चार गोष्टी ठळकपणे छापाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाहन-वायरिंग कारागीर, पुणे