विमान बांधायला शेड आहे, उडवायला रान नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज तालुक्यातील एका गावाच्या शिवारात पहाटे ‘संशयास्पद ड्रोन’ घेऊन आलेल्या पाच विद्यार्थ्यांना ग्रामस्थांनी अडवल्याची आणि पोलिसांनी चौकशीअंती त्यांना सोडून दिल्याची चार ओळींची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आली होती. ते यंत्र म्हणजे लग्नात चित्रीकरणासाठी फिरवतात तसला चार पंख्यांचा ड्रोन नव्हता, ते बाल्सा लाकडाचे, दोन किलोंच्या आतले विमान होते. त्या पाच जणांपैकी दोघे आदल्या रात्री अकरा वाजेपर्यंत माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच विमानाच्या पंखावर इस्त्रीने फिल्म चिकटवत बसले होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेला सुतारकामाचा शिल्पनिदेशक आहे. विमानविद्येशी माझा संबंध आला तो तीन वर्षांपूर्वी, जेव्हा जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘एरो क्लब’ची मुले बाल्साच्या पातळ फळ्या न चिरता कशा कापायच्या हे विचारायला माझ्याकडे आली. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तेथे वैमानिक अभियांत्रिकीची शाखा नाही. यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या शाखांतील तीसेक मुले-मुली तास संपल्यावर एकत्र येतात आणि ज्याला परीक्षेत एकही गुण नाही असे काम वर्षातले सात-आठ महिने करतात. अमेरिकेत १९८६ पासून ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेची ‘एसएई एरो डिझाइन’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. ठरवून दिलेल्या मर्यादेत विमानाचा आराखडा करायचा, ते स्वतः बांधायचे, वजन घेऊन उडवून दाखवायचे आणि आराखड्यामागची कारणे परीक्षकांपुढे मांडायची, असे तिचे स्वरूप आहे. त्याच धर्तीच्या स्पर्धा आता आपल्या देशातही होतात आणि आमच्या मुलांची धडपड त्यांच्यासाठी चाललेली असते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. प्रारंभी मलाही तसाच वाटला होता. पंखाचा आडवा छेद, म्हणजे बाजूने दिसणारा आकार, कोणता घ्यायचा हे मुले संगणकावर एक्सएफएलआर५ या मोफत प्रणालीत तपासतात, त्यावरून फासळ्यांचे आकार ठरतात, त्या लेसरने कापून येतात आणि मग माझ्या शेडमधल्या सपाट काचेवर कार्बन फायबरच्या नळीत एकेक फासळी गुण्यात ओवली जाते. दोन-तीन फासळ्या जराशा तिरक्या बसल्या तरी पंखाला पीळ पडतो आणि हवेत तो पीळ विमानाला एका कुशीवर झोपवू पाहतो. बाल्साचे वजन सागाच्या जेमतेम चौथाई असते, तरीही मुले प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये नोंद करतात आणि सुकलेल्या गोंदाचेही वजन धरतात. शेवटी सगळे विमान पंखाखाली दोन बोटांवर तोलून त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर येतो की नाही हे पाहिले जाते. मी आयुष्यभर दारे-खिडक्यांच्या चौकटी गुण्यात बसवायला शिकवले; चौकट थोडी चुकली तर रंधा मारून दार बसवता येते. येथे मात्र चुकीची शिक्षा रोख असते.

याच मुलांपैकी एका मुलीने एकदा माझ्या शेडच्या दारावर खडूने एक हिशेब मांडून दाखवला होता. पुस्तकातली उदाहरणे समुद्रसपाटीवरची, १५ अंश तापमानाची हवा धरून केलेली असतात आणि त्या हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी येथे पारा चाळिशी गाठतो, त्यामुळे त्या वेळची आपली हवा पुस्तकातल्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. उचल ही हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तेवढेच वजन उचलायला येथे वेग सुमारे ८ टक्के अधिक लागतो आणि जमिनीवरची धावही त्या मानाने लांबते. हिशेब मला पटला. पण धाव नेमकी किती लांबते हे मोजायचे तर सपाट जमीन हवी, आणि सारे अडले आहे ते तेथेच.

गेल्या वर्षीचे विमान पाच महिन्यांत बांधून झाले आणि त्याचे पहिले उड्डाण परराज्यातील स्पर्धेच्या धावपट्टीवर झाले, कारण त्याआधी ते उडवून पाहायला सांगलीच्या पंचक्रोशीत जागा मिळाली नव्हती. जमीन सुटता सुटता बॅटरीचा पट्टा निघाला, बॅटरी शेपटीकडे सरकली, नाक वर गेले, वेग मेला आणि अकराव्या सेकंदाला विमान पंखावर आपटले. आराखड्यात दोष नव्हता, बांधणीतही नव्हता. दोष पन्नास रुपयांच्या पट्ट्यात होता आणि घरच्या रानातल्या पहिल्याच फेरीत तो उघडा पडला असता. संघाचे नेतृत्व करणारी मुलगी संध्याकाळी फोनवर मला एवढेच म्हणाली, “सर, उडालं तर होतं.” त्यावर काय बोलावे हे मला सुचले नाही.

सरावासाठी आज या मुलांना मिळते ते कुणाच्या तरी मामाचे ऊस तुटून गेलेले रान. त्यात बुडखे असतात, त्यांना अडकून चाके मोडतात. बांधावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. आणि खोडव्याला पाणी सोडायच्या आत, म्हणजे चार-सहा दिवसांत, काय ते उरकावे लागते. कवठेमहांकाळ, जत या भागांत मोकळे माळ आहेत. परंतु ढालगावच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात त्या वाऱ्यात दोन किलोंच्या विमानाचा निभाव लागत नाही. त्यामुळे कोठेही जायचे तर वारा पडलेला असताना, पहाटेच जावे लागते. दिवस उजाडायच्या आत दुचाकीवर लांबलचक खोकी घेऊन शिवारात शिरलेली अनोळखी मुले गावाच्या डोळ्यांवर येणारच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, अहिल्यानगर, बीड या जिल्ह्यांतील गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या आणि चोर त्यांतून टेहळणी करत असल्याच्या बातम्यांनी लोकांची झोप उडवली होती, हे आपले वाचक विसरले नसतील. ग्रामस्थांनी मुलांना अडवले यात म्हणूनच मला काही वावगे वाटत नाही. मी त्या गावात राहत असतो तर मीही अडवले असते.

कायद्याविषयी मात्र गैरसमज पुष्कळ आहेत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत पंखांची विमानेही येतात, म्हणजे बातमीतील ‘ड्रोन’ हा शब्द नियमांच्या भाषेत बरोबर होता, एवढे मला मान्य करावे लागते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तेथून २ किलोपर्यंत मायक्रो आणि २५ किलोपर्यंत स्मॉल, अशी त्यांत वजनानुसार वर्गवारी आहे आणि शासनाच्या ड्रोन-नकाशावर ज्याला हरित क्षेत्र म्हटले आहे तेथे १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. कराडसारख्या विमानतळाच्या आसपास बंधने अर्थातच अधिक कडक आहेत. सर्वांत महत्त्वाची तरतूद शैक्षणिक संस्थांविषयीची आहे. शासनमान्य शिक्षणसंस्थांना संशोधन व विकासाच्या कामासाठी प्रकार-प्रमाणपत्र (यानाच्या नमुन्याला मिळणारी मान्यता), यानाचा नोंदणी क्रमांक, पूर्वपरवानगी आणि चालकाचा परवाना या चारही गोष्टींतून सूट आहे. अट अशी की उड्डाण हरित क्षेत्रात आणि संस्थेच्या आवारात, अथवा संस्थेच्या ताब्यातील मोकळ्या जागेत झाले पाहिजे. आता आवारात वसतिगृहे आहेत, झाडे आहेत, पलीकडे वाहता रस्ता आहे. तेथे विमान उडवणे म्हणजे अपघाताला बोलावणे होय. आणि मामाचे रान काही महाविद्यालयाच्या ताब्यात नसते. सूट कागदावर आहे, पण ती वापरता येईल अशी जमीन नाही.

मुलांची बाजू घेताना त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. क्लबमधील काहींना अग्निबाणाचे वेड आहे आणि इंटरनेटवर पाहून त्याचे इंधन आपणच शिजवावे असा बेत त्यांनी एकदा केला होता. तेव्हा मी शेडला कुलूप लावले. कवठेएकंदला दसऱ्याच्या पालखीपुढे शोभेचे दारूकाम करणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या सरावलेल्या हातांनाही अपघात चुकलेले नाहीत. शिवाय १८८४ चा स्फोटके कायदा आजही लागू आहे. त्याऐवजी ती आता पाणी आणि दाबाखालची हवा यांवर उडणारे बाटलीचे अग्निबाण करतात, किंवा शीतपेयाच्या डब्याएवढा ‘कॅनसॅट’ उंचावरून सोडून, तो पॅराशूटने उतरत असताना तापमान आणि हवेचा दाब यांच्या नोंदी जमिनीवर घेतात. त्यातही ती एकदा ठेचकाळली: परदेशी बनावटीचा ९१५ मेगाहर्ट्झचा रेडिओ संदेशक मागवून बसली होती, आणि आपल्याकडे कमी शक्तीच्या अशा उपकरणांसाठी विनापरवाना खुला असलेला वारंवारतेचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. पैसे गेले, पण नियम आधी वाचायचे असतात हे कळले. अहवालात ‘महापुरात औषधे पोहोचवणारे विमान’ असे लिहिण्याचा मोहही मुलांना होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा वाक्यांनी उगाच आशा लावू नये, असे मी त्यांना सांगितले आहे.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा प्रशासनाने हरित क्षेत्रातील एखादी पडीक शासकीय जागा निवडून तेथे दोनशे मीटर लांबीची सपाट पट्टी आखावी आणि ती जागा जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्याकडे लेखी कराराने, शनिवार-रविवारच्या सकाळपुरती सोपवावी, म्हणजे ‘संस्थेच्या ताब्यातील मोकळी जागा’ ही अट स्वच्छपणे पुरी होईल. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या जागी विमानतळ व्हावा ही मागणी फार वर्षांची आहे. त्या वादात मला पडायचे नाही, पण विमानतळ होईपर्यंत त्या जागेचा याही दृष्टीने विचार करायला काय हरकत आहे? महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. उड्डाणाच्या वेळी एक प्राध्यापक जागेवर हजर हवा, विमा उतरवलेला हवा, आदल्या दिवशी पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवलेले हवे. बक्षीस मिळाले की शाल-श्रीफळ आणि छायाचित्र. पण सरावाला सोबत चला म्हटले की सुटीच्या दिवशी कोणी मोकळे नसते, असा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे.

माळरान देण्याची आपल्याकडे परंपरा नाही असेही नाही. बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बंगळुरूत डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने ज्यांनी स्थापली त्या वालचंद हिराचंद यांचे नाव तर आपल्या शहरातील एक अभियांत्रिकी महाविद्यालय अभिमानाने मिरवते. आमच्या मुलांना कारखाना काढायचा नाही. त्यांना दोनशे मीटर जमीन हवी आहे, तीही आठवड्यातून दोन सकाळी.

बातमीतले ते विमान सध्या माझ्या शेडच्या आढ्याला टांगलेले आहे आणि ते अजून एकदाही उडालेले नाही. स्पर्धा मार्चमध्ये आहे. फेब्रुवारी उजाडेपर्यंत जागेचा निर्णय झाला तर सरावाला चार शनिवार-रविवार मिळतील. या विमानांच्या लिथियम बॅटऱ्यांना मार बसला तर त्या पेट घेऊ शकतात, म्हणून वाळूच्या दोन बादल्या आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन दर खेपेस सूर्योदयापूर्वी जागेवर उभे राहण्याचे काम मी माझ्याकडे घेतो.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
विश्रामबाग, सांगली