तराजू, गल्ला आणि लाल वहीबद्दल नानांचे जाहीर आभार

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

तिसरी-चौथीच्या मुलांना व्यवहारातलं गणित शिकवायला तुम्ही तुमच्या किराणा दुकानातला दांडीचा तराजू, वजनं, गल्ल्यासाठी पत्र्याचे डबे आणि एक लाल वही दिलीत. त्याहून मोलाचं म्हणजे किराणा दुकानाचा हिशोब कुठे आणि का चुकतो, ते आम्हा शिक्षकांना समजावून सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण अमळनेर, पारोळा, धुळ्याकडच्या शाळांतही मुलं स्वतः दुकानं मांडतात ते बालआनंद मेळावे भरतात. तुमची रीत तिथल्या गुरुजी-बाईंच्याही हाती पडावी.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सुट्टे परत द्यायच्या पद्धतीचा. शंभरातून सदतीस वजा करताना मुलं हमखास 73 लिहितात. दशक सुटा केला हे विसरतात. तुम्ही वजाबाकी बाजूलाच ठेवायला लावली. वस्तूची किंमत बोलायची आणि तिथून वर चढत जायचं: सदतीस, एकेक रुपया ठेवत अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, दहाची नोट ठेवून पन्नास, पन्नासची ठेवून शंभर. गिऱ्हाइकाच्या हातात आपोआप 63 जातात, आणि गिऱ्हाईकही सोबत मोजत असल्यामुळे वाद होत नाही. उत्तर वहीत मांडायचं ते नंतर. मोजणी अहिराणीत चालू द्या, हा तुमचा आग्रहही बरोबर होता. ‘कितलाले?’ असं विचारत मुलं मोकळेपणी भाव करतात. वहीत लिहिताना मराठी येतेच.

गल्ल्यात सुरुवातीला 100 रुपये कसे ठेवायचे, हेही तुम्हीच ठरवून दिलंत: दहाच्या 5 नोटा, पाचची 6 नाणी, दोनची 5 आणि रुपयाची 10. एवढ्यात शंभराची एखादीच नोट सुटी होते, पुढचं गिऱ्हाईक अडतं. म्हणून पहिला अर्धा तास मोठी नोट घ्यायची नाही, ही सूचना दुकानाच्या पाटीवरच लिहावी. घेतलेली नोट लगेच डब्यात टाकायची नाही; सुट्टे देऊन होईपर्यंत समोर ठेवायची. नाहीतर ‘मी पन्नास नाही, शंभर दिले’ हा वाद मिटत नाही.

तराजूत आधी पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, बघायचा. रिकामी पारडी, काटा मधोमध. मग दोन्ही बाजूंना समान वजनं ठेवून तीच अदलाबदल करून पाहायची. काटा कलला तर दांडी किंवा वजन, काहीतरी सदोष आहे. वजनाच्या तळाशी शिसं भरलेलं असतं, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. दांडीचा तराजू आणि वजनं दर 2 वर्षांनी तपासून घ्यावी लागतात, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी. मुलं आता आठवडे बाजारात आईसोबत गेली की वजन उलटं करून बघतात. 50, 100, 200 आणि 500 ग्रॅमची एकेकच वजनं असताना 400 ग्रॅम शेंगदाणे कसे मोजायचे, हे तुमचं कोडं आम्ही दरवर्षी घालणार आहोत: एका पारड्यात 500, दुसऱ्यात शेंगदाण्यांसोबत 100. वजाबाकी डोळ्यांना दिसते.

पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांकही भावातूनच पक्के होतात. वांगी 30 रुपये किलो, तर पाव किलोचे साडेसात. पण पाटीवर ‘पाव किलो 10’ असेल, तर किलो 40 ला पडलं. भरताला किलोभर लागणार असताना चार वेळा पाव का घ्यायचं, हे मुलांनीच विचारायला हवं.

आता नफ्याचं. इथे बहुतेक शाळा चुकतात, कारण डब्यात जेवढे पैसे, तेवढी कमाई असं मुलं धरतात आणि मोठेही कौतुकाच्या भरात तसंच बोलतात. लाल वहीत भेळेच्या दुकानाचं तुम्ही मांडून दिलेलं उदाहरण इथे देतो. मुरमुरे 60, शेव 100, कांदे 30, शेंगदाणे 35, लिंबू-मिरची-कोथिंबीर 20, द्रोण 15, खर्च 260. दहाला एक द्रोण, असे 33 द्रोण गेले, त्यातले 2 उधार. डब्यात निघाले 410. त्यातले 100 आपणच ठेवलेले सुट्टे, म्हणजे रोख विक्री 310. खर्च वजा जाता हातात 50, आणि उधारीचे 20 आले तरच नफा 70. उधारीचं पान वेगळं ठेवायला लावलंत, ते फार बरं केलंत. घरून आणलेलं तेल, कांदे ‘फुकट’ नाहीत, त्यांचाही भाव लिहायचा, हे पालकांना पटवायला जास्त वेळ लागतो.

क्यूआर कोडने आलेले पैसे वेगळ्या रकान्यात, तेही आपल्या फोनवर जमा दिसल्यावरच. समोरच्याचा स्क्रीनशॉट धरायचा नाही.

चौथीसाठी तुम्ही सुचवलेला व्याजाचा धडाही घेतला. ‘शेकडा दोन’ म्हणजे शंभराला महिन्याला 2. हजार रुपयांना महिन्याला 20, वर्षाला 240. घरात कानावर पडणारा शब्द असल्याने आकडा कळताच वर्ग गप्प होतो. त्याच तासाला पोस्टातल्या बचत खात्याची माहिती द्यावी: 500 रुपयांत उघडतं, आणि 10 वर्षं पूर्ण झालेलं मूल ते स्वतः चालवू शकतं.

नाना, तराजू शाळेत नीट टांगून ठेवला आहे. दुकानाची वजनं शिक्क्यासाठी न्याल तेव्हा आमच्याकडचीही सोबत न्यावीत. फी शाळा देईल. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मुलांच्या वह्या तपासायला मात्र तुम्हीच या.

आपले नम्र,
शिक्षकवृंद, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव