क्रॉयडनहून आत्याला

क्रॉयडन, लंडन
रविवार रात्र

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

परवा फोनवर ‘या वयात कुठं आता तोंडाला रंग लावायचा, आणि पाठांतर तरी राहतंय का?’ म्हणून तू विषयच मिटवलास. फोनवर तुझ्यापुढं माझं काही चालत नाही, म्हणून कागद घेतला. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

मी ऑफिसला जाते त्या वाटेवर फेअरफील्ड हॉल्सची मोठी इमारत लागते. तिच्यातल्या नाट्यगृहाला पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट या नटीचं नाव आहे. १९६२ साली दिलेलं, म्हणजे बाई हयात असताना, ऐन कामात असताना. आपल्याकडं आधी फोटोला हार पडतो आणि मग पाटी लागते! तीन वर्षं मी तिथून जातेय, पण ही कोण म्हणून कधी चौकशी केली नाही. गेल्या महिन्यात पावसानं गाठलं, आडोशाला उभी राहिले, वेळ जाईना म्हणून मोबाईलवर शोधलं. तेव्हापासून बाई डोक्यातून जात नाही.

जन्म इथलाच, क्रॉयडनचा, २२ डिसेंबर १९०७. वडील पहिल्या महायुद्धात गेले. आई हौशी नटी. म्हणजे तुझ्यासारखीच, फक्त तिला सांगलीचं पाणी नव्हतं. लंडनच्या नाट्यशाळेत लॉरेन्स ऑलिव्हिए तिच्या बरोबरीला होता, आणि १९२६ मध्ये बर्मिंगहॅमला तिनं पहिलं व्यावसायिक काम केलं.

आता नीट वाच, हे खास तुझ्यासाठी. १९३० साली, बावीस वर्षांची असताना, तिनं ‘ऑथेल्लो’त डेस्डिमोना केली. डेस्डिमोना म्हणजे आपल्या देवलांच्या ‘झुंजारराव’मधली कमळजा! तू कॉलेजात केलेली. झुंजारराव कमळजेला उशीनं गुदमरवून मारतो, त्या तालमीत उशीतला कापूस नाकात जाऊन मेल्यावर तुला शिंक आली, आणि झुंजाररावानं हसू दाबायला तुझ्याच अंगावर तोंड लपवलं, हे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. तर हिच्या समोरचा ऑथेल्लो होता पॉल रोब्सन, अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक-नट. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात प्रयोग. काळा पुरुष आणि गोरी बाई रंगमंचावर एकमेकांना जवळ घेतात म्हणून हिला घाणेरडी पत्रं यायची. आदल्याच वर्षी रोब्सनला लंडनमधल्या एका बड्या हॉटेलात जेवायला घेतलं नव्हतं. रात्री ज्याच्यासाठी टाळ्या, त्यालाच दारातून परत पाठवायचं! वर्णद्वेष म्हणजे काय ते आपल्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं ती पुढं सांगायची. तुझ्या कमळजेवर फक्त आजोबा रागावले होते.

१९३५ ची ज्युलिएट तिची फार गाजली. जॉन गिलगुड आणि ऑलिव्हिए, दोघं रोमिओ आणि मर्क्युशिओच्या भूमिका आळीपाळीनं करायचे, म्हणजे काही आठवडे हा रोमिओ, मग तो. ज्युलिएट मात्र तीच. १८६ प्रयोग झाले. दोन तऱ्हेच्या रोमिओंवर तेच प्रेम तितक्याच खरेपणानं करायचं, याची कुणाला कल्पना असेल तर तुला; ऐनवेळी बदली नायक घेऊन तू केलेला तासगावचा प्रयोग मी विसरलेले नाही. तीन लग्नं, तिन्ही मोडली. ते सोड.

मला सांगायचंय ते पुढचं. पंचावन्नाव्या वर्षी, १९६३ मध्ये, स्ट्रॅटफर्डला तिनं राणी मार्गारेट केली. शेक्सपिअरची राजांची नाटकं पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी जोडून तीन नाटकं केली होती, आणि कधीकधी तिन्ही एकाच दिवशी व्हायची. सकाळी ही नुकती लग्न होऊन आलेली पोर, दुपारी सैन्य घेऊन निघालेली राणी, आणि रात्री सगळं गमावून शिव्याशाप देत फिरणारी म्हातारी. बीबीसीनं केलेलं त्याचं चित्रण आहे. पाहताना मी चहा गार केला. म्हातारी करताना ती आवाज चिरका करत नाही, उगाच कापत नाही. आपल्याकडं म्हातारी म्हटलं की काठी आणि खोकला आलाच.

पुढं सत्तरीच्या उंबरठ्यावर नाटककार सॅम्युएल बेकेटच्या ‘हॅपी डेज’ नाटकात तिनं विनी केली. पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत गाडलेली, दुसऱ्यात गळ्यापर्यंत, आणि सगळं नाटक जवळजवळ एकटीनं बोलायचं. पाठांतराबद्दल तू काय म्हणत होतीस?

आणि मग भारत. आधी ‘द ज्युएल इन द क्राउन’ या मालिकेत निवृत्त मिशनरी शिक्षिका बार्बी. ते संपतं न संपतं तोच दिग्दर्शक डेव्हिड लीनचं बोलावणं, ‘अ पॅसेज टू इंडिया’ सिनेमातल्या मिसेस मूरसाठी. पुन्हा भारतात जायचं म्हटल्यावर ती म्हणाली, अहो, मी पंचाहत्तरची आहे. लीन म्हणाला, मीसुद्धा! असं सांगतात. गंमत म्हणजे लीनही क्रॉयडनचाच, तिच्याहून तीन महिन्यांनी लहान. त्याच्याही नावाचं चित्रपटगृह इथं आहे. मग काय, बाई आली. बंगळूरजवळच्या सावनदुर्गच्या कातळाशी सिनेमातल्या गुहांचं चित्रीकरण झालं. त्यात रात्री मशिदीत, ही पायातलं न काढता आत आली समजून डॉ. अझीझ तिच्यावर डाफरतो तो प्रसंग बघ. ती हळूच सांगते की मी चपला काढल्यात. बस, एवढंच. पण त्याचा राग उतरलेला आपल्याला दिसतो.

त्या भूमिकेला १९८५ मध्ये ऑस्कर मिळालं, सत्त्याहत्तराव्या वर्षी. घ्यायला ती स्वतः गेलीही नाही, अँजेला लान्सबरीनं तिच्या वतीनं घेतलं. १४ जून १९९१ ला ती गेली.

तुझं वय अडुसष्ट. तुमच्या मंडळानं सासूची भूमिका दिली म्हणून तू रुसलीस, हे मला काकांनी सांगितलंय, पाठांतराचं नुसतं निमित्त. नाटकाची संहिता मी त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतली. दुसऱ्या अंकात ती सासू गप्प बसून गहू निवडते आणि सून एकटीच बोलत राहते ते पान वाचलंस का? नसशील वाचलं. सुनेला बोलू दे. लोक तुझ्या हातांकडं बघतील.

गुडघ्याचे पट्टे ऑफिसातल्या एका मिरजेच्या मुलाबरोबर पाठवतेय, पुढच्या बुधवारी येतील. मोठे घेतलेत, साडीच्या आत बसतात. तालमी कधीपासून आहेत ते काकांना नको, मला कळव. भावे नाट्यगृहाची तारीख पक्की झाली की मी रजा टाकते.

काकांना नमस्कार.

तुझी,
मीनल