डांबरगोळ्या नकोत, वाळूचा कोपरा द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या पानावर एका वाचकाने विचारलं होतं की आजूबाजूची मांजरं येऊन वाफे उकरतात, घाण करून जातात, काय करू. त्याला उत्तर काय दिलंत, तर मातीत डांबरगोळ्या पुरा आणि कडेने फिनेल शिंपडा. वाचून मी चहाचा कप खालीच ठेवला आणि ह्यांना म्हटलं, हे काही बरोबर नाही, मी पेपरला पत्र लिहिणार. हे म्हणाले लिही, पण छोटं लिही, मोठी पत्रं छापत नाहीत. तर ते मोठंच झालंय, काटछाट करायची तर बाकीची करा, पण डांबरगोळ्यांबद्दलचं तेवढं राहू द्या.

आधी सांगते की मी काही मांजरप्रेमी वगैरे नाही. आमची घरामागे बारा बाय वीसची बाग आहे, म्हणजे बाग कसली, कढीपत्ता, एक कागदी लिंबू, अळू, गवती चहा आणि तीन वाफे, त्यात आलटून पालटून मेथी, कोथिंबीर, मिरच्या. मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी धणे रगडून, दोन दळं करून, बोटाने रेघा ओढून एका वाफ्यात कोथिंबीर पेरली, दुसऱ्यात मेथी, वरून गाळलेलं शेणखत भुरभुरवलं आणि सकाळी उठून बघते तर माझ्या सगळ्या रेघा गायब, मधोमध पुरणपोळीएवढा खड्डा आणि शेजारी नीट बुजवलेला एक उंचवटा, त्यात काय होतं ते मी हाताने उकरल्यावर कळलं. हातमोजे नव्हते. पुढचं लिहीत नाही, लोक हा पेपर सकाळी नाश्त्याच्या वेळी वाचतात.

तिथून तीन महिने आम्ही जगातले सगळे उपाय केले. ह्यांनी पहिल्या दिवशी निळीच्या पाण्याच्या बाटल्या भरून वाफ्यांच्या चारी कोपऱ्यांवर ठेवल्या. ह्या बाटल्या आपल्याकडे कुत्र्यांसाठी गेटबाहेर ठेवतात, कुत्रीही त्यांना विचारत नाहीत, मग मांजरं कशाला विचारतील. मी संत्र्याच्या साली टाकल्या, त्या दोन दिवस चालल्या, सुकल्या की वास गेला आणि मांजर परत. कोणी सांगितलं सताप लावा, सतापाच्या वासाने मांजर येत नाही. नर्सरीतून कुंडी आणली आणि चौथ्या दिवशी दुपारी तो पिवळा बोका त्या कुंडीला पाठ टेकून झोपलेला, वर माझ्याच मनगटावर सतापाचा चीक लागून आणि ऊन लागून लाल चट्टे उठले, ते आठवडाभर राहिले. मिरचीपूड टाकली, ती पहिल्या पाण्याबरोबर वाहून गेली, त्याआधी कोथिंबीर खुडताना माझ्याच डोळ्यात गेली.

कंपाउंडची भिंत पाच फुटांची, तिच्यावर सासऱ्यांनी त्यांच्या काळी काचा लावून घेतल्यात. त्या काचांमधून मांजर असं पाय टाकत जातं की आपण भरतनाट्यम बघतोय असं वाटावं. पाच फूट उडी तर धडधाकट मांजर उभ्या जागेवरून मारतं, त्यामुळे भिंत वाढवायचा खर्च कोणी करू नका.

एकदा पोत्याचा प्रयोगही झाला, हे कबूल करते. ह्यांनी आणि शेजारच्या भाऊंनी मिळून त्या पिवळ्या बोक्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आले. आठ दिवस शांतता होती, मग एक काळा-पांढरा आला, पिवळ्यापेक्षा दांडगा, आणि त्याने तर कढीपत्त्याच्या बुंध्यावर, दारावर, स्कूटरच्या सीटवर फवारे मारून ही जागा आपली झाली असं जाहीरच केलं. आणि पंधराव्या दिवशी पिवळाही हजर, एक कान फाटलेला, म्हणजे आता एकाचे दोन. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या की मांजर मेलं हातून तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ते सोडा, पण ज्याचं घर मोडलं ते जनावर कुठे उपाशी मरतं कोणाला माहीत, मला तेव्हापासून ते आवडलेलं नाही.

आता डांबरगोळ्या. त्या नॅफ्थलीनच्या असतात आणि त्यांची वाफ आणि कण दोन्ही विषारी. मांजर गोळी खाणार नाही हे खरं, पण मांजर सारखं स्वतःला चाटत असतं, पायाला, अंगाला लागलेलं सगळं पोटात जातं, आणि नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लहान पोरं त्या पांढऱ्या गोळ्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात, ते तर वेगळंच. फिनेलचंही तेच, त्यातले फिनॉलसारखे पदार्थ आपल्या लिव्हरला जेवढे निपटता येतात तेवढे मांजराच्या लिव्हरला येत नाहीत. आणि अहो, ज्या मातीत आपण मेथी लावणार, ती खुडून परोठ्यात घालणार, त्या मातीत डांबरगोळी पुरायची? मुद्दाम विष घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, तो वाचून हसू येतं, पण हे कलम 325 हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

मग उपाय कसा सापडला तर सूनबाईमुळे. तिला दिवस गेले आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं की घरात मांजर आहे का, मातीत काम करता का. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो, गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला त्रास होऊ शकतो. घरी येऊन आमच्या ह्यांनी लगेच जाहीर केलं की बाग बंद. मी म्हटलं थांबा, पूर्ण ऐकून या. तर पूर्ण ऐकल्यावर असं कळलं की ज्या मांजराला लागण होते त्याच्याकडून ते जंतू साधारण एक ते तीन आठवडेच बाहेर पडतात, बहुतेकदा आयुष्यात एकदाच, आणि ताज्या घाणीतून लागण होत नाही, जंतू तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. पण एकदा मातीत मिसळले की महिनोन्महिने टिकतात. म्हणजे घाण रोजच्या रोज उचलली तर धोका बराच कमी, आणि वाफ्यात पुरून राहिली तर वाढतो. सूनबाईने मातीत हात घालायचा नाही, बाकीच्यांनी हातमोजे घालायचे, भाजी खळखळून धुवायची, एवढं केलं की बाग बंद करायची गरज नाही.

पण मग घाण उचलायची तर ती एका जागी पाहिजे ना. आणि इथे मला पहिल्यांदा प्रश्न पडला की ही मांजरं आत्ताच का यायला लागली, आम्ही तर ह्या गल्लीत एकतीस वर्षं राहतोय. बाल्कनीत उभं राहून गल्ली नीट बघितली तेव्हा उत्तर समोरच होतं. शेजारच्या जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललं होतं, दोन वर्षं तिथे वाळूचा भलामोठा ढीग पडलेला आणि गल्लीतली सगळी मांजरं त्या ढिगावर जायची, आम्हाला पत्ता नाही. बिल्डिंग झाली, वाळू संपली, पार्किंगला कडेपासून कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसले. समोरच्या दोन बंगल्यांनीही चिखल नको म्हणून अंगणात फरशी घातली. मांजराला उकरायला मऊ, कोरडी, भुसभुशीत माती लागते आणि अख्ख्या गल्लीत तशी माती उरली कुठे तर माझ्या गाळलेल्या शेणखताच्या वाफ्यात. मी इतक्या प्रेमाने माती भुसभुशीत करत होते, ती त्यांच्यासाठीच म्हणायची.

मग दोन कामं केली. पहिलं, वाफा त्यांना नकोसा केला. कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती एक इंची जाळी आणली, पेरणी झाली की वाफ्यावर सपाट अंथरायची आणि कडेने विटा ठेवायच्या. रोप जाळीतून वर येतं पण मांजराला पंजा चालवता येत नाही. चार बोटं वर आलं की जाळी हलक्या हाताने काढायची, उशीर केलात तर मेथी जाळीत अडकून उपटली जाते, माझी पहिली गेली तशीच. एकदा रोपं दाट झाली की उकरायला मोकळी माती राहतच नाही. मिरच्यांच्या मधल्या जागेत लिंबाची आणि बोगनवेलीची छाटणी आडवीतिडवी टाकली, काटे वर. कुंड्यांमध्ये नारळाच्या करवंटीचे तुकडे. आणि पाणी संध्याकाळी द्यायला लागले कारण मांजरांची फेरी रात्री आणि पहाटे, तेव्हा माती ओली असली की ती नाक मुरडतात (पावसाळी हवेत हे करू नका, बुरशी धरते).

दुसरं काम म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे काहीच उगवत नाही तिथे, तीन बाय तीन फुटांचा विटांचा चौकोन करून त्यात बिल्डरकडून मागून आणलेली दोन पोती चाळलेली वाळू टाकली आणि पावसासाठी वर एक पत्रा. पहिल्या दिवशी वाफ्यातली त्यांचीच थोडी घाणेरडी माती त्यात टाकली, म्हणजे वासाने कळावं. हे म्हणाले तू काय मांजरांना संडास बांधून देतेयस का. हो, बांधून दिला. तिसऱ्या दिवशी काळा-पांढरा आला, पाचव्या दिवशी पिवळा. आमच्या घरातला पुऱ्या तळायचा जुना झारा आता त्या कामाला लावलाय (पुऱ्यांना नवीन घेतला, घाबरू नका), वाळू खाली गळते आणि बाकीचं झाऱ्यात राहतं. रोज सकाळी हे हातमोजे घालून जातात, पाच मिनिटांचं काम, आणि ते सगळं कागदात गुंडाळून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नाही, घरचं कंपोस्ट तेवढं तापत नाही. कागद तुमच्याच पेपरचा असतो, राग मानू नका.

एक गंमत सांगायची राहिली. बागेत पावसाळ्यात खोकली नावाचं तण उगवतं, काही जण कुप्पी म्हणतात, ते उपटून मी भिंतीकडेला टाकायचे आणि तिथेच मांजरं येऊन लोळायची, अगदी दारू प्यायल्यासारखी. त्या झाडाच्या मुळांची मांजरांना नशा चढते हे मला ह्या वयात कळलं. मी एकीकडे साली टाकून त्यांना हाकलत होते आणि दुसरीकडे स्वतःच त्यांचा बार चालवत होते. आता खोकली उपटली की मुळासकट पिशवीत.

आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या ताईंबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. त्या रोज रात्री जिन्याखाली दूध-भाकरी ठेवतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून जी भांडणं झाली ती मी इथे सांगत नाही. मीही सुरुवातीला तावातावाने गेले होते. त्या म्हणाल्या, काकू, खायला मी घालते पण पिल्लं मी थोडीच घालायला लावते. म्हटलं, अगं मग ती व्हायचीही थांबव की. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत व्याते, एका वेळी तीन-चार पिल्लं, आणि अंगावर पाजत असतानाच परत गाभण राहते. आमच्याच टाकीमागे एका भाटीने गणपतीत चार पिल्लं दिली, सात घरं फिरवताना त्यातली दोनच वाचली. ते बघवत नाही हो. शेवटी आम्ही दोघींनी आणि आणखी तीन घरांनी वर्गणी काढली, ताईंच्या हाताला मांजरं सवयीची म्हणून त्यांनीच पिंजऱ्यात खाणं ठेवून एकेक पकडलं आणि व्हेटकडे नेऊन भाटीचं, तिच्या दोन पिल्लांपैकी मादीचं आणि दोन्ही बोक्यांचं ऑपरेशन करून आणलं. ऑपरेशन झालेल्याच्या डाव्या कानाचं टोक जरासं कापतात, म्हणजे परत त्यालाच धरून नेत नाहीत. फवारे महिन्याभरात जवळपास थांबले, रात्रीची ती रडारडही. ताई आता खाणं नऊला ठेवतात आणि साडेनऊला भांडं उचलतात, त्यामुळे उंदीर-घुशीही कमी झाल्या, हे ज्यांना मांजरं नकोत त्यांनीच मला सांगितलं.

म्हणजे मांजरं गेली का? नाही. चार आहेत, भिंतीवरून येतात, वाळूत जातात, उन्हात पडतात आणि निघून जातात. कधीतरी एखादं नवीन येऊन जाळी नसलेल्या जागी उकरतंच, तिथे मी बोगनवेलीची फांदी टाकते आणि विषय संपला. नातू सव्वा महिन्याचा झालाय, सूनबाई ठणठणीत आहे, आणि ह्या आठवड्यात मेथीच्या दोन जुड्या निघाल्या, एक ताईंकडे दिली.

तर एवढंच करा की ती डांबरगोळ्यांची सूचना मागे घेतल्याचं छापा. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, कारण ती कापून फ्रिजवर चिकटवलेली मी आमच्या गल्लीतच एका घरी बघितली आहे.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे