भटके वेगळे, बेघर वेगळे

महोदय,

गोदाघाटावर रात्री झोपणाऱ्यांना हटवल्याच्या बातम्यांत ‘भटके’, ‘बेघर’, ‘भिकारी’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. अशा चुकीच्या शब्दाने माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

‘बेघर’मधला ‘बे’ फारसी, म्हणजे विना. ‘घर’ प्राकृतातून आलेले आपलेच. हा शब्द जात किंवा स्वभाव सांगत नाही, फक्त परिस्थिती सांगतो. जनगणनेतही त्याचा अर्थ पक्का आहे: पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारे. 2011 साली त्यांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. दिवसा ही माणसे पोटामागे पांगतात, म्हणून रात्र.

‘भटका’ शब्दाला मात्र उगाच हिंडण्याचा वास आहे, म्हणूनच तो आपण कुत्र्यांनाही लावतो. ज्यांना तो चिकटला, त्या घिसाडी, नंदीवाले, वासुदेव, मेढंगी जोशी यांच्या वाटा ठरलेल्या असत. पेरणीआधी फाळ-कुऱ्हाडी दुरुस्त करणारा घिसाडी उगाच हिंडत नव्हता. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असले, तरी ते बिऱ्हाडच.

सरकारदरबारी ‘भटक्या जमाती’ हा आरक्षणाचा प्रवर्ग आहे. सिन्नर-निफाडकडचा बागायतदार वंजारी ‘भज-ड’मध्ये (भटक्या जमाती-ड या गटात) मोडतो, त्याला बेघर कोण म्हणेल? उलट पालावरच्या कुटुंबाला जातीचा दाखला काढायचा, तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबांचे नाव कुठल्याच गावच्या दप्तरात नाही, त्याने तो आणायचा कुठून?

रात्रनिवाऱ्याला असा दाखला लागत नाही. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राने ठरवलेले प्रमाण आहे: लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट जागा. 2011 साली नाशिक महापालिकेची लोकसंख्या 14,86,053 होती. त्या जुन्या आकड्यानेही जवळपास 1,500 जणांची सोय हवी. बातमीत ‘भटके’ छापले, की हा हिशेब महापालिकेला कोणी विचारत नाही.

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून उतरणारे मजूर आणखी निराळे. त्यांचे घर गावी आहे; ते हंगामी स्थलांतरित.

बातमीदारांना विनंती, की शब्द निवडण्याआधी त्या माणसालाच दोन प्रश्न विचारावेत: रात्री कुठे झोपता, आणि गावी घर आहे का?

– एक वाचक, पंचवटी, नाशिक