सगळ्या कसोट्या एकाच संख्येत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्तीच्या तयारीत मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांपासून लातूरच्या शिकवण्यांपर्यंत विभाज्यतेच्या कसोट्या तोंडपाठ करून घेतल्या जातात. त्या एकमेकींत कशा गुंततात, हे ३८१६५४७२९० या संख्येइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

० ते ९ हे अंक तिच्यात एकेकदाच येतात. डावीकडून ३८ ला २ ने नि:शेष भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असे करत पूर्ण संख्येला १० ने. दहाही अंक एकेकदा वापरून दहा अंकी संख्या ३२,६५,९२० होतात. त्यांत हा गुण असलेली ही एकटीच.

ती शोधायला संगणक नको, फळा पुरतो. शेवटी ०, म्हणून पाचवा ५. सम स्थानी सम अंकच हवेत, म्हणून १, ३, ७, ९ उरलेल्या विषम स्थानी. तिसरा अंक विषम, त्यामुळे ४ च्या कसोटीला चौथा २ किंवा ६ च चालतो. सातवाही विषम, म्हणून आठव्याचेही तेच. मग ४ आणि ८ दुसऱ्या व सहाव्या जागी. पहिल्या तीन अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, पहिल्या सहांच्याही जातो, म्हणजे चौथा ते सहावा यांच्या बेरजेलाही जायलाच हवा: तिथे २५८ किंवा ६५४. आता ३ आणि ८ च्या कसोट्या पुन्हा लावल्या की दहाच उमेदवार उरतात. त्यांतले नऊ ७ ला गळतात.

घोळ होतो तो इथेच. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करायचे. ३८१६५४७ साठी ५४७ − ८१६ + ३ = −२६६, आणि २६६ म्हणजे ७ × ३८. मुले मात्र सवयीने लाख-हजाराच्या स्वल्पविरामावर तोडतात: ३८,१६,५४७. मग ५४७ − १६ + ३८ = ५६९ येते, ७ ने भाग जात नाही आणि खरा उमेदवारच बाद होतो. ८ ला शेवटचे तीन अंक पाहावे लागतात. ७२ ला भाग जातो, १७२ ला जात नाही. या संख्येच्या पहिल्या आठ अंकांत, ३८१६५४७२ मध्ये, ७२ वर भागते, कारण शतकस्थानी ४, म्हणजे सम अंक आहे. हे ‘कारण’ शिकवले जात नाही, याचे वाईट वाटते.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ही साखळी २५ अंकांपर्यंत जाते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. त्यापुढे एकही नाही.

आपल्या बालपुरवणीत ते दहा उमेदवार छापावेत आणि ७ ची कसोटी मुलांवर सोडावी, ही विनंती.

– गणित शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)