दर दोन तासांनी कूस

न्यू जर्सी

प्रिय दादा आणि वहिनी,

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं हे फोनवर कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण फोनवर तिची तब्येत विचारण्यातच वेळ गेला, सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. वहिनी, हे पत्र मुख्यतः तुझ्यासाठी आहे, कारण आईचं अंथरुणातलं बरंचसं तुझ्या हातून होणार. पण दादा, तूही वाच. यातली निम्मी कामं दोन माणसांची आहेत.

पेशंट केअर टेक्निशियन म्हणजे नक्की काय, असं मागे दादाने विचारलं होतं. मी सिस्टरच्या हाताखाली काम करते. संध्याकाळी सातला लागते, सकाळी सातला सुटते. दर चार तासांनी बीपी, नाडी, ताप, श्वास, ऑक्सिजन बघायचं. बोटाला टोचून शुगर तपासायची, रक्त काढायचं, ईसीजी काढायचा. प्रत्येक वेळी आधी नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडायची, मग हात लावायचा. औषधं देणं आणि सलाइन माझ्याकडे नाही. अंग पुसणं, तोंड स्वच्छ करणं, भांडं देणं, डायपर बदलणं, भरवणं, उठवून चालवणं हे सगळं माझ्याकडे. ईसीजीचे दहा इलेक्ट्रोड कुठे लावायचे हे कोणीही लवकर शिकतं. झोपून असलेल्या माणसाला न दुखवता वळवणं शिकायला फार वेळ लागतो, आणि माझ्या मते या कामाचं खरं कसब तिथेच आहे.

आईसाठी मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आपण झोपेत नकळत कितीदा तरी कूस बदलतो. तिची उजवी बाजू गेल्यामुळे तिला ते जमत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबून राहतं, तिथलं रक्त थांबतं, आणि काही तासांतच ती जागा खराब व्हायला लागते. कधी कधी सुरुवात आतून होते, कातडी शेवटी फाटते. म्हणून जखम दिसायची वाट बघायची नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची. इथे २००८ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर हा सरकारी विमा, हॉस्पिटलमध्ये पडून झालेल्या खोल बेडसोअरसाठी, म्हणजे अशा दाबाच्या जखमेसाठी, जादा पैसे देत नाही. त्यामुळे पेशंट दाखल झाला की डोक्यापासून टाचांपर्यंत कातडी तपासून लिहून ठेवतात. धोका मोजायला ब्रेडन स्केल वापरतात. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी ती १९८० च्या दशकात तयार केली. गुण ६ ते २३, आणि १८ किंवा त्याखाली आले की जपायचं. तुम्ही सांगितलंत त्यावरून मी आईला मनात गुण दिले. ती १८ च्या बरीच खाली आहे.

आता कसं वळवायचं ते. डाव्या कुशीवर घ्यायचं असेल तर तिच्या डाव्या हाताला उभी राहा, म्हणजे ती तुझ्याकडे वळेल आणि पडणार नाही. आधी तिला सांग, 'आई, आता वळवतेय.' उजवा हात अलगद छातीवर ठेव, उजवा गुडघा वाकव. मग एक हात तिच्या खांद्यामागे आणि एक खुब्यामागे ठेवून एकदम वळव. लुळा पडलेला हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. वर सरकवायचं असेल तर खाली एक दुहेरी घडीची चादर कायम घालून ठेवा. दोघांनी दोन्ही बाजूंनी ती चादर गुंडाळून घट्ट धरायची आणि एक-दोन-तीन म्हणून उचलायचं. घासत ओढलं की पाठीची कातडी सोलवटते.

पूर्ण कुशीवर झोपवू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून तिरकं, साधारण ३० अंशांत ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली आणखी एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. टाच आणि गादी यांच्यामधून हात सहज जायला हवा. उजव्या कुशीवर कमी वेळ ठेवा, आणि तो खांदा खाली चेपला नाही ना ते बघा. हवेची गादी जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर वळवणं सोडू नका. मधे भोक असलेली गोल उशी मात्र नको. कडेच्या भागावर दाब वाढून नुकसानच होतं.

प्रत्येक वेळी वळवलं की माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, कानांच्या पाळ्या बघायच्या. पुस्तकात लिहितात की लाल डाग बोटाने दाबा, पांढरा झाला नाही तर धोका. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो लालपणा नीट दिसत नाही. म्हणून हाताने बघा: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम आहे का, घट्ट किंवा पिचपिचीत लागते का, जांभळट दिसते का. तसं वाटलं तर तिथे अजिबात चोळायचं नाही, त्या बाजूला झोपवायचं नाही, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

मागच्या आठवड्यात एक आजोबा होते. पेशंटबद्दल बाहेर बोलू नये असा इथे १९९६ चा कायदा आहे, म्हणून जास्त काही सांगत नाही. बोलता येत नव्हतं. पहाटे वळवायला गेलो की पलंगाचा कठडा घट्ट धरून ठेवायचे, बोटं पांढरी पडेपर्यंत. दुखत असेल असं आम्हाला वाटलं. पण मी बाजूला बसून एकेक विचारत गेले: दुखतंय का, थंडी वाजतेय का, पडायची भीती वाटते का. भीतीवर त्यांनी मान हलवली. मग वळवताना त्यांचा हात कठड्याऐवजी माझ्या हातात घेतला, आणि त्यांचं अंग सैल पडलं. आईलाही शब्द सापडत नाहीयेत, पण तिला समजतं. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल ती तिथे नसल्यासारखं बोलू नका.

भरवताना तिला ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवा. एरवी पाठ फार उंच ठेवू नका, ती खाली घसरत राहते. घास छोटा, डाव्या बाजूने द्या, आणि उजव्या गालात काही साठलेलं नाही ना ते शेवटी बघा. ठसका लागला, आवाज ओलसर घोगरा झाला तर थांबा. लघवीची पिशवी नेहमी तिच्या कमरेच्या खाली लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका.

दादा, रात्रीचं वळवणं तू घे. दोन तासांनी गजर लागला की वहिनीला उठवायचं नाही, तिला सलग झोप मिळायला हवी. मी बारा तास करते तेव्हा जोडीला माणसं असतात, हव्या त्या उंचीचा पलंग असतो, आणि सकाळी मी घरी जाते. वहिनीला घरी जाणं नाही. तिने पाठ वाकवून काम करू नये म्हणून पलंगाखाली ठोकळे लावून तो उंच कर. ते या आठवड्यातच कर.

रजेचा अर्ज दिला आहे. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावा, दोघं मिळून आईला वळवून दाखवा, मी बघते. टाचाही दाखवा. आणि फोन थोडा वेळ तिच्या कानाशी धरा, मला तिच्याशी बोलायचंय.

तुमची,
धाकटी